कोठीवरचं दही

आमच्या घरी दही तळघरात लागायचं. मिशिगनच्या हिवाळ्यात दही लावणं हा तिथल्या मराठी बायकांच्या गप्पांमधला कधीही न संपणारा विषय होता. कोणी ओव्हनचा दिवा लावून आत पातेलं ठेवत, कोणी ते शालीत गुंडाळून हीटरच्या झरोक्यापाशी ठेवत, आणि पाठक काकू तर म्हणे पातेलं पांघरुणात घेऊन झोपत. पाठक काका तेव्हा दुसऱ्या खोलीत झोपत, एवढं सांगून आई थांबे. आमच्याकडे थर्मोस्टॅटला बाबांखेरीज कुणी हात लावायचा नाही असा नियम होता, त्यामुळे घर बेताचंच उबदार आणि दही म्हणजे जरा आंबलेलं दूध. मग बाबांनी तळघरात सर्व्हर बसवला आणि आमचा दह्याचा प्रश्न सुटला. सर्व्हर दह्यासाठी बसवला नव्हता, हे बाबा अजूनही सांगतात.

बाबा मिशिगनमधल्या नोव्हाय गावी गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत इंजिनिअर होते. आम्ही नागपूरहून आलो तेव्हा मी नऊ वर्षांची होते. कंपनीने जुने कॉम्प्युटर मोडीत काढले, त्यातला एक धिप्पाड काळा डबा बाबा गाडीच्या मागच्या सीटवर ठेवून, त्याला सीटबेल्ट लावून घेऊन आले. वॉशिंग मशीन आणि घर तापवणाऱ्या फर्नेसच्या मधल्या जागेत एक टेबल होतं, त्यावर त्याची स्थापना झाली. फुकट मिळणारी सिस्टीम त्यात घालायला बाबांना सगळा ऑक्टोबर लागला. त्यानंतर आमची मेल, आमचे फोटो, घराचं कॅलेंडर, आईने टाइप केलेल्या पाककृती, माझ्या शाळेचे निबंध, सगळं त्या डब्यात राहायला गेलं. प्रत्येकाचा ई-मेल पत्ता आमच्या आडनावाने संपायचा. बाबांनी त्या मशीनचं नाव ठेवलं कोठी. धान्याची कोठी असते तशी.

यामागे बाबांचं एक तत्त्व होतं आणि ते आम्हाला जेवताना ऐकावं लागे. आपलं सामान दुसऱ्याच्या घरी ठेवायचं नाही. आजोबांच्या बदल्यांमुळे बाबांचं लहानपण भाड्याच्या घरांत गेलं होतं, आणि एका बदलीच्या वेळी एक ट्रंक कुठल्याशा नातेवाइकांकडे ‘दोन महिन्यांसाठी’ ठेवली होती. त्यात बाबांचा मेकॅनोचा सेट होता. ट्रंक परत आली नाही. नातेवाइकांच्या मुलाने पुढे त्याच मेकॅनोची क्रेन करून शाळेत बक्षीस मिळवलं, हे बाबांना त्याच मुलाच्या लग्नात कळलं. त्यामुळे मोठ्या कंपन्या फुकट मेलची खाती वाटू लागल्या तेव्हा बाबांचं मत आधीच तयार होतं. “फुकट कोण देतं? आज जागा देतील, उद्या ट्रंक उघडून बघतील.” आज माझ्या मुलीचे जन्मापासूनचे सगळे फोटो अशाच एका कंपनीकडे आहेत आणि ती कंपनी मधूनमधून मलाच ते आठवणी म्हणून पाठवते. बाबांना मी हे सांगितलेलं नाही. तेव्हाही माझं एक खातं अशाच एका कंपनीत गुपचूप उघडलेलं होतं, म्हणून माझं कधी काही हरवलं नाही.

कोठीला आवाज होता. एकसुरी घूं, मध्येच डिस्कची टकटक, आणि फर्नेस सुरू झाली की दोघांची जुगलबंदी. उन्हाळ्यात वीज गेली की आधी घर गप्प होई, मग कोठीला जोडलेल्या बॅटरीचा पिपाणीसारखा बीप सुरू होई आणि बाबा जिन्यावरून धावत खाली जात. इतर घरांत अशा वेळी मेणबत्त्या शोधत. बाबांनी पाठक कुटुंबालाही कोठीवर खाती दिली होती, आग्रह करकरून. पाठक काका दर शनिवारी फोन करत, “यार, मेल डाऊन आहे का? माझा पासवर्ड घेत नाहीये.” त्यांचं कॅप्स लॉक चालू असे. बाबा प्रत्येक वेळी नव्याने समजावून सांगत. माणसाला आपल्यावर कुणीतरी विसंबून आहे याचं सुख असतं, आणि ऑफिसात बाबांवर फक्त गाडीच्या दरवाजाच्या कडीचं एक स्प्रिंग विसंबून होतं.

आई नागपूरला एका कॉलेजात ग्रंथपाल होती. इथे बाबांच्या व्हिसावर आलेल्या बायकोला नोकरी करायची परवानगी नव्हती. मग तिने घरातली पुस्तकं विषयवार लावली, मग मसाले, मग माझे मोजे. दर शनिवारी आम्ही लायब्ररीत जायचो, तेव्हा ती चुकीच्या कपाटात गेलेली पुस्तकं येताजाता बरोबर जागी लावून टाकायची. मला लाज वाटायची. “Aai, stop it, तू इथे काम नाही करत,” असं मी एकदा म्हणाले. “म्हणूनच तर करत्ये,” ती म्हणाली, आणि पक्ष्यांवरचं एक पुस्तक उचलून पक्ष्यांत ठेवलं.

दह्याचा शोध तिनेच लावला. कपडे धुवायला खाली गेली असताना तिने हात टेकला तो कोठीच्या डोक्यावर, आणि तिला ती ऊब ओळखीची वाटली. त्या दिवशीच तिने विरजण लावून स्टीलचा डबा टर्किश टॉवेलात गुंडाळून वर ठेवला. दुसऱ्या दिवशी सुरीने वड्या कापाव्यात असं दही. बाबांनी ते मिटक्या मारत खाल्लं आणि मग ते कुठे लागलं हे विचारलं. त्यानंतर झालेला वाद मला शब्दशः आठवतो.

“संध्या, सर्व्हरजवळ लिक्विड ठेवायचं नाही. हा बेसिक रूल आहे.”

“दही लिक्विड नाही.”

“लावताना असतं.”

“लावताना मी झाकण लावते.”

बाबांनी वाटी पुढे केली आणि आणखी वाढून घेतलं. त्यानंतर कोठीचं तापमान दाखवणाऱ्या आलेखात ठरावीक दिवशी एक उंचवटा येऊ लागला. बाबा तो बघून वर ओरडत, “लावलंस का?” आणि आई खाली ओरडे, “लावलं.” त्या वर्षांत आमच्या घरातल्या नवराबायकोचा प्रेमळ संवाद म्हणावा असा मला एवढाच आठवतो.

आता चाळणीबद्दल सांगायला हवं. त्या काळी कचरा मेलचा सुळसुळाट झाला होता. औषधं, लॉटरी, परदेशातल्या दिवंगत मंत्र्यांच्या विधवा. बाबांनी कोठीवर एक प्रोग्रॅम बसवला, तो येणारी प्रत्येक मेल वाचून तिला मार्क द्यायचा. ‘अभिनंदन’ असेल तर मार्क, ‘ऑफर’ असेल तर मार्क, ‘लवकर उत्तर द्या’ असेल तर आणखी मार्क. मार्क फार झाले की मेल केरात, आणि केर दर रविवारी आपोआप रिकामा. बाबांनी ही चाळणी इतकी बारीक केली की आमच्या घरात कचऱ्याचा एक कण शिरेना. पाहुण्यांना ते अभिमानाने विचारत, “तुमच्याकडे रोज किती येतो? आमच्याकडे शून्य.” पाहुणे श्रीखंड खात मान हलवत.

माझं हायस्कूल सुरू झालं त्या वर्षी ग्रीन कार्डाची फाइल जरा पुढे सरकली आणि आईला वर्क परमिट आलं. फोटोत तिचा एक कान दिसणं सक्तीचं होतं, त्यामुळे ती कुणाचंतरी चोरून ऐकत असल्यासारखी दिसत होती. तिने ते कार्ड देवापुढे ठेवलं, आणि लायब्ररीच्या मुलांच्या विभागात अर्ध्या वेळेची जागा निघाली होती तिथे अर्ज केला. अर्ज भरताना बाबा शेजारी बसले होते. फोनवर समोरच्याचं इंग्रजी आईला नीट कळत नसे. फोन वाजला की ती आधी पदर सारखा करी, मग मला हाक मारी. बाबा म्हणाले, “फोन नंबर देऊच नको. मेलवर लिहायला सांग. लेखी राहतं.” आईने फोनच्या रकान्यात रेघ ओढली आणि मेलच्या रकान्यात आमच्या आडनावाने संपणारा पत्ता सुवाच्य अक्षरात लिहिला.

मुलाखत छान झाली. बार्बरा नावाच्या उंच, पांढऱ्या केसांच्या बाई त्या विभागाच्या प्रमुख होत्या. त्यांनी आईला विचारलं, रडणाऱ्या मुलाला कुठलं पुस्तक द्याल? आई म्हणाली, आधी पाणी देईन. घरी येऊन तिने हे आम्हाला दोनदा सांगितलं आणि दोन्ही वेळा हसली. निर्णय मेलने कळवू असं त्यांनी सांगितलं होतं. आई रोज दुपारी कॉम्प्युटरपुढे बसून मेल बघू लागली. शिऱ्याचा रवा आणून ठेवलेला होता.

मेल आली नाही. थँक्सगिव्हिंग गेलं, संक्रांत गेली. बाबा म्हणत, “इथे प्रोसेस स्लो असते.” मी म्हणाले, “तू विचार ना त्यांना, just ask.” आई म्हणाली, “आपण होऊन मागे लागायचं नाही. हवी असेन तर कळवतील.” आमच्याकडे हा नियम फार पक्का होता. लग्नात, नोकरीत, उसन्या दिलेल्या भांड्यांतसुद्धा. मग हळूहळू तिने लायब्ररीत येणं सोडलं. शनिवारी मला दारात उतरवायची आणि स्वतः गाडीत बसून राहायची, हीटर चालू ठेवून, दोन्ही हात स्टिअरिंगवर. रव्याचा एक दिवस उपमा केला. तो उपमा उत्तम झाला होता आणि मी तो ताटात तसाच ठेवला. आईला काहीतरी झालंय हे मला दिसत होतं, पण पंधराव्या वर्षी आईला काही होऊ शकतं हेच मुळात पटत नाही.

बर्फ वितळायला लागलं तेव्हा आम्ही दोघी एकदा दुकानात दूध घेत होतो. विरजणाला आईला सायीचंच दूध लागे, लाल झाकणाचं. फ्रिजचं दार तिने उघडून धरलेलं आणि मागून हाक आली, “सँड्या!” बार्बरा होत्या, ढकलगाडीत मांजराच्या खाण्याची पोती घेऊन. त्या मनापासून भेटल्या. म्हणाल्या, आम्हाला फार वाईट वाटलं तू आली नाहीस तेव्हा. पहिल्या मेलला उत्तर नाही, म्हणून दुसरी पाठवली. मग आम्ही असं समजलो की तुला याहून चांगलं काहीतरी मिळालं. शेवटी एका रिटायर झालेल्या शिक्षिकेला घेतलं, बरी आहे, पण मुलांना पाणी देत नाही. त्या हसल्या. फ्रिजची गार हवा आमच्या पायांवर येत होती. आई म्हणाली, “थँक यू.” मग “मांजर कसं आहे?” असंही तिने विचारलं, आणि उत्तर शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

वाटेत तिने देशी किराणा दुकानात थांबून कोथिंबीर घेतली. जुडी ताजी आहे का ते देठ मोडून पाहिलं. घरी आल्यावर कोथिंबीर निवडता निवडता, मान वर न करता तिने बाबांना सांगितलं, “लायब्ररीने मला घेतलं होतं. मेल पाठवली होती त्यांनी. दोनदा.” बाबा ताडकन उठून खाली गेले. बराच वेळ फक्त कीबोर्डचा आवाज येत होता. वर आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. केर तर दर रविवारी जात होता, मेल काही शिल्लक नव्हत्या. पण चाळणीने कुठून आलेल्या मेलला किती मार्क दिले याची नोंद शिल्लक होती. लायब्ररीच्या दोन्ही मेलना भरघोस मार्क होते. अभिनंदन, ऑफर, लवकर उत्तर द्या. माझ्या गणिताच्या पेपरला त्या वर्षी त्याहून कमी होते.

“चाळणीत गेली,” बाबा म्हणाले.

“बरं,” आई म्हणाली.

पुढचा आठवडा वाईट गेला. इतर घरांत राग आला की भाजी खारट होते, नवऱ्याला निदान कळतं. आईचा राग स्वयंपाकात उतरत नसे. त्या आठवड्यात तिने भरली वांगी केली, पाटोड्या केल्या, आणि बाबा प्रत्येक घास संशयाने खात होते. ज्या गोष्टीबद्दल ते रोज जेवताना बोलायचे तीच आता बोलता येत नव्हती, आणि दुसरा विषय त्यांच्याकडे कधी नव्हता.

रविवारी सकाळी मी तळघरात कपड्यांच्या घड्या घालत होते. बाबा स्क्रूड्रायव्हर घेऊन खाली आले. मला म्हणाले, “मुग्धा, हे बंद करतोय मी. आपल्या सगळ्यांची खाती बाहेर उघडू. फुकट देतात तिथे.” मला त्यांची दया आली, आणि रागही होताच, दोन्ही एकदम. त्यांनी वायरीला हात घातला, एवढ्यात जिन्याच्या वरून आईचा आवाज आला.

“आत्ता बंद करू नका. दही लावलंय.”

बाबांनी वर पाहिलं. टॉवेलात गुंडाळलेला डबा कोठीच्या डोक्यावर होता.

“किती वेळ लागेल?”

“दुपार होईल.”

बाबांनी डिटर्जंटची रिकामी बादली पालथी घातली आणि तिच्यावर बसले. स्क्रूड्रायव्हर हातातच. मी घड्या घालून संपवल्या, मग घातलेल्या घड्या मोडून पुन्हा घातल्या, कारण वर जायचं तर दोघांच्या मधून जावं लागलं असतं. फर्नेस चालू झाली, बंद झाली. बाबा नुसते बसून होते, दवाखान्याच्या बाहेर बसतात तसे. दुपारी आई खाली आली. तिने डब्याला हात लावून पाहिला, पण उघडला नाही. ड्रायरला टेकून उभी राहिली.

“नोकरी गेली त्याचं एवढं नाही वाटत,” ती म्हणाली. “पण अहो, सगळा हिवाळा मला वाटत होतं, मी त्यांना नको होते. इतकी वर्षं घरात बसून मी काही कामाची राहिले नाही, असं वाटत होतं. आणि तुम्ही सांगत होतात, प्रोसेस स्लो असते. एकदा खाली जाऊन बघितलं असतंत तर?”

बाबा बादलीवरून उठले. “माझं चुकलं, संध्या,” ते म्हणाले. हे वाक्य आमच्या घरात मी पहिल्यांदाच ऐकत होते. “मला वाटलं, माझ्या मशीनमध्ये काही हरवूच शकत नाही.” आणि मग त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी स्क्रूड्रायव्हर धरलेल्या हातानेच पुसलं.

आईने टॉवेल सोडला, झाकण काढून डबा जरा कलता केला. दही हललं नाही.

“लागलं,” ती म्हणाली. “आता करायचं तर करा बंद. फक्त उद्यापासून दही कुठे लावू, तेवढं सांगा.”

बाबांनी कोठी बंद केली नाही. चाळणी मात्र काढून टाकली. त्या दिवसापासून जगातला सगळा कचरा आमच्या घरात यायला लागला, आणि ऑफिसातून आल्यावर चहा घेत बाबा तो एकेक करून स्वतः वाचायचे. औषधं, लॉटरी, मंत्र्यांच्या विधवा. वाचून झाल्यावरच पुसायचे. पाठक काकांनी तक्रार केली तर म्हणाले, “यार, वाचत जा. काय सांगावं.”

उन्हाळ्यात लायब्ररीत पुन्हा एक जागा निघाली. बार्बरांनी तसं आईला दुधाच्याच फ्रिजपाशी सांगितलं. या वेळी आईने अर्ज एकटीने भरला आणि स्वतः नेऊन देण्यासाठी डायनिंग टेबलावर ठेवला. बाबा पाण्याचा ग्लास घेऊन तिथून गेले, थांबले. फोनच्या रकान्यात आमचा नंबर होता. मेलच्या रकान्यात रेघ होती. बाबांनी ग्लास तिथेच ठेवला, मग अर्ज ओला होईल म्हणून उचलला, आणि खाली निघून गेले. मला वाटतं, आईने काही बोलून शिक्षा केली असती तर त्यांना सोपं गेलं असतं. ती शिक्षा नव्हतीच, तिला फक्त नोकरी हवी होती. फोन आला तो तिने स्वतः घेतला, पदर सारखा न करता.

आईने त्या लायब्ररीत पुढे कितीतरी वर्षं काम केलं. पाण्याचा जग आणि कागदी कप मुलांच्या विभागात तिच्यामुळे आले. आता मी तिच्या तेव्हाच्या वयाची आहे, आणि हवी असेन तर कळवतील म्हणत गाडीत बसून राहणं काय असतं ते मला माहीत झालंय. बाबांच्या तळघरात अजून सर्व्हर आहे, पण आताचा साबणाच्या वडीएवढा असतो आणि तापतच नाही. आई म्हणते, मग त्याचा उपयोग काय.

मला मात्र तिच्या नोकरीचा पहिला आठवडा आठवतो. लायब्ररीने तिला तिचा स्वतःचा पत्ता दिला होता, तिच्या नावाचा, लायब्ररीच्या नावाने संपणारा. संध्याकाळी बाबा नेहमीसारखे चहा घेऊन कचरा वाचायला बसले होते, मी शेजारी अभ्यास करत होते. घरात फोन होता, लायब्ररीतही होता, आणि आईला आता फोनची भीती उरली नव्हती. तरी लॉटरीच्या दोन मेलच्या मध्ये एक मेल आली. रोमन अक्षरांत एवढंच होतं: मला घ्यायला येताना दूध आणा, लाल झाकणाचं, रात्री दही लावायचंय. बाबांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचलं. उत्तर लिहायला त्यांना फार वेळ लागला. मी डोकावून पाहिलं, तर एकच शब्द होता. पोचली. तो पाठवून त्यांनी किल्ल्या घेतल्या आणि तिची सुटी व्हायला अजून तासभर होता तरी निघाले.